यासीनभाईंचा परवाना

यासीनभाई,

आपला वाद अर्धवट राहिला. तुम्हाला आता उत्तर देता येत नाही म्हणून तो मी जिंकलो असं मी समजत नाही, आणि तुम्ही जिंकलात असं तर मुळीच नाही. तुम्ही गेल्यापासून मी एकटाच दोन्ही बाजू मांडत बसलो आहे. तुमची बाजू मांडताना मला तुमच्यासारखं हसता येत नाही, त्यामुळे ती दरवेळी थोडी लंगडी पडते. म्हणून म्हटलं, एकदा तुमच्याशीच बोलून घ्यावं.

रियाधच्या या बत्थ्यात, आपल्या लोकांच्या बाजारात, सध्या जो तो तुम्हाला फरिश्ता म्हणतो. खाणावळीत जेवायला बसलं की समोरचा भाताचा घास हातात धरून तुमच्याबद्दल सुरू होतो. मी मान हलवतो, पण मला ते पटत नाही. मी बँकेच्या वसुली विभागातला माणूस. पुराव्याशिवाय दाखला देण्याची सवय नाही. मला आठवतात ते यासीनभाई हेकट होते, दुसऱ्याच्या ताटातला तळलेला बोंबील न विचारता उचलायचे, आणि हरायची वेळ आली की एकदम अरबीत बोलायला लागायचे. त्यांनाच उद्देशून मी लिहितो आहे.

पहिल्यांदा आलात ते माझ्या टेबलापाशी. कुवेतचं नावही तेव्हा कोणी एवढं घेत नव्हतं. तुम्ही बांधकामाचं सामान विकणाऱ्या कंपनीत अकाउंटंट, आणि बरोबर हप्ते थकलेला एक क्रेन ऑपरेटर. तो तुमच्या मागे उभा होता आणि तुम्ही माझ्यापुढे त्याच्या महिन्याची मांडणी करत होता. कमावतो किती, खातो किती, गावी पाठवतो किती. "एवढाच उरतो," तुम्ही म्हणालात. "यातला एवढा तुमचा. जास्त मागाल तर पळेल, कमी मागाल तर याला सवय लागेल." मी विचारलं, तुम्ही याचे नातेवाईक? नाही. वकील? नाही. मग याच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तुम्ही अगदी सरळ चेहऱ्याने म्हणालात, "याच्या बायकोने."

मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. थट्टा नव्हती, हे कळायला मला खाणावळीच्या वरच्या खोलीत यावं लागलं.

तुमची पद्धत अशी होती. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की त्या खोलीत तुम्ही सतरंजी अंथरायचात. कर्जात रुतलेला कोणी आला की त्याला काही विचारायचा नाहीत, टेपरेकॉर्डर त्याच्यापुढे सरकवायचात. गावी पाठवायला कॅसेट सगळेच भरायचे. सलाम, आईच्या गुडघ्यांची चौकशी, पोरांना दटावणी, घराच्या स्लॅबचं काय झालं, हे सगळं त्या कॅसेटींत असायचं. कर्ज तेवढं नसायचं. रायगड-रत्नागिरीच्या कुठल्याही गावात सौदीवाला म्हणजे पैसेवाला. तो स्वतःच्या तोंडाने उलटं कसं सांगणार? तुम्ही नेमकं तेच सांगायला लावायचात. कोणाचे किती, कशापायी घेतले, पूर्ण आकडा, मोठ्याने. मग ती कॅसेट गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून जायची, तिच्या उत्तराची कॅसेट कोणी परत येणारा आणायचा, आणि ते उत्तर येईपर्यंत तुम्ही त्या माणसाच्या कागदाला हात लावायचा नाहीत.

"कर्ज हितं हाय, खर्च तितं हाय," तुम्ही म्हणायचात. "खर्चवालीला ठाव नाय, तर मी हितं बसून कुनाचा हिशोब करू?"

दहा-दहा मजले वर लोखंड चढवणारी माणसं त्या मशीनपुढे घामाघूम झालेली मी पाहिली आहेत. एकाने तर नुसत्या सलामांवर कॅसेटची एक बाजू संपवली. आळीतल्या एकेकाचं नाव घेतलं, म्हशीचीही चौकशी केली. बटण उडालं तशी तुम्ही शांतपणे कॅसेट उलटी केलीत आणि म्हणालात, "आता सुरू कर." मी तोंड फिरवून हसलो होतो. मग त्याने सांगितलं आणि सांगताना रडला, आणि तुम्ही खिडकीपाशी जाऊन खाली रस्त्याकडे बघत उभे राहिलात.

उत्तरं पण काय काय यायची. शिव्या यायच्या. रडणं यायचं. एका बाईने निवांत आवाजात कळवलं होतं की तिनेही गावी उसनवारी केली आहे आणि नवऱ्याला सांगायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही खूष झालात. म्हणालात, आता कुठे हिशेब पुरा झाला. ते घर वर आलं, हे मला माझ्याच बँकेच्या कागदांवरून माहीत आहे. त्या वर्षांत तुमच्याकडून आलेल्या माणसांनी माझे हप्ते बुडवले नाहीत, आणि वरिष्ठांनी त्याचं कौतुक माझं केलं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडून फक्त एक बोंबील जास्तीचा वसूल केलात.

फी म्हणून तुम्ही एक कोरी कॅसेट घ्यायचात. ती पुढच्या माणसाला लागायची.

परवान्याचं खूळ माझं, हे मला मान्य आहे. तुमच्या कफीलने, ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा होता त्या म्हाताऱ्या शेखने, बत्थ्यातल्या एका दुकानाची अर्धी जागा देऊ केली. त्याच्या नावाने रीतसर ऑफिस काढा, म्हणाला, लोकांची कर्जं आणि घरखर्च दोन्ही बघा. मी म्हटलं, रीतसर म्हणजे परवाना हवा. मग आपण दोघं त्या सरकारी कचेरीत गेलो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोरचा अधिकारी सज्जन होता, त्याने कावा, म्हणजे तिकडची कॉफी, पाजली, आणि आपल्या धंद्याला त्याच्या यादीत नावच नव्हतं.

"तुम्ही लोकांना पैसे देता?" तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, नाही.

"लोकांचे पैसे ठेवून घेता?"

"नाही."

"मग करता काय?"

"त्याचं देणं किती ते त्याला सांगतो. घेणेकऱ्याशी बोलतो. पगार कसा पुरवायचा ते ठरवून देतो."

अधिकाऱ्याने थोडा विचार केला. "हे तर मोठा भाऊ करतो," तो म्हणाला. "भावाला कुठे रुखसा, परवाना लागतो? खलास." आणि त्याने आपला कागद परत दिला.

तुम्ही महिनाभर त्या वाक्यावर जगलात. ज्याला त्याला सांगत होता. मी गाडीतच म्हटलं होतं, भाई, भाऊ पैसे घेऊन पळाला तर तक्रार कुठे करायची? जेद्द्याला शराफियात तेव्हा नुकतंच तसं झालं होतं. तुमची कर्जं मिटवून देतो म्हणून एकाने लोकांकडून आगाऊ फी घेतली, शुक्रवारी सतरंजीही अंथरली असेल, आणि एका सकाळी त्याच्या खोलीला कुलूप होतं. त्यालाही लोक भाऊच म्हणत होते. परवाना चांगल्या माणसासाठी नसतो, मी तुम्हाला कितीदा सांगितलं. तो चांगल्या माणसानंतर त्याच्या जागेवर कोण येऊन बसेल, यासाठी असतो. तुम्ही म्हणालात, "निकम, तुना कागद दिसतो, मानूस दिसत नाय."

मग मी माझ्या अमेरिकेतल्या मावसभावाकडून तिथल्या एका राज्याचे नियम मागवले. तिकडे असा धंदा करणाऱ्याला परवाना काढावाच लागतो. मी ते मराठीत उतरवले आणि एका शुक्रवारी तुमच्या सतरंजीवर बसून वाचून दाखवले. सरकारकडे अनामत ठेवावी. गिऱ्हाइकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, स्वतःच्या खर्चात मिसळू नयेत. तुम्ही म्हणालात, कॅसेट वेगळ्या डब्यात ठेवतो, चालेल? करार लेखी असावा, फी आधी सांगावी. चारित्र्याचा दाखला असावा. तो कोण देणार, तुम्ही विचारलंत, तू? वर्षातून एकदा तपासणीला सगळे कागद दाखवावेत. यावर तुम्ही जांभई दिलीत.

परवाना कार्यालयाच्या दर्शनी भागी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा लावावा, असंही एक कलम होतं. तुम्ही मान वर करून खोलीभर पाहिलंत. पोपडे निघालेल्या त्या भिंतीवर एकच खिळा होता आणि त्यावर तुमची टोपी होती. "खिळा एकच हाय," तुम्ही म्हणालात. "टोपी कुटं ठेवू?"

एकाच कलमावर तुम्ही वाद घातला नाहीत. सल्लागाराने गिऱ्हाइकाला कधीही जामीन राहू नये. ते ऐकून तुम्ही हनुवटी खाजवलीत आणि म्हणालात, "ह्या बरोबर हाय. जामीन ऱ्हायला का सल्ला संपला." मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी बोंबील मी आपणहून दिला.

त्या कलमाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. ती अजून आहे.

ऑगस्ट नव्वदमध्ये चढाई होऊन कुवेत गेलं आणि सगळ्यांचंच गणित फिस्कटलं. घेणेकऱ्यांना वाटायला लागलं की आज मागितलं नाही तर उद्या माणूस विमानात असेल. कर्जदारांना वाटायला लागलं की उद्या काय होणार कोणास ठाऊक, आज कशाला द्या. बँकेत पैसे काढायला रांगा, बत्थ्यात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मातीमोलाने. तुमच्या खोलीत बसायला जागा राहिली नाही. तुम्ही सगळ्यांना एकच सांगत होता की घाईने काही विकू नका, आणि टेपरेकॉर्डर तर अजिबात विकू नका. डिसेंबरात मी बायको-मुलीला साताऱ्याला पाठवलं. तुमचा तर कायमचाच मुक्काम हलणार होता. फायनल एक्झिटचे कागद कंपनीत होते, जानेवारीचं तिकीट होतं, रमजान उलटला की तुमच्या लेकीचा, नसीमचा निकाह होता. तुम्ही तिच्यासाठी घेतलेली इलेक्ट्रिक इस्त्री मला दोनदा दाखवलीत.

आणि मग सलीम आला. अल खर्जच्या डेअरीतला मेकॅनिक, तुमच्याच खाडीपलीकडच्या गावचा. हप्त्यांवर घेतलेली पिकअप त्याने ठोकली होती. गाडी गेली, हप्ते राहिले, आणि शोरूमवाल्याने त्याच्या कफीलकडे तक्रार घातली होती. तुमच्या पद्धतीने त्याची कॅसेट कधीच जाऊन आली होती, बायकोला सगळं माहीत होतं, हप्ते बांधून दिलेले होते आणि तो ते भरत होता. पण आता तार आली होती. बाळंतपणात बायको अत्यवस्थ, अलिबागच्या सरकारी दवाखान्यात. देणं असताना कफील त्याला देशाबाहेर जायचा व्हिसा देईना. शोरूमवाला म्हणाला, जामीन आणा. जामीनदार राहील त्याला, देणं फिटेपर्यंत किंवा हा परत येईपर्यंत, स्वतःला बाहेर जाता येणार नाही.

तुम्ही सही केलीत. मला सांगितलंत ते नंतर, बँकेच्या बाहेर कागदी कपातला चहा पिताना, जणू भाजी आणल्याचं सांगावं तसं.

मी तुम्हाला त्या कलमाची आठवण करून दिली. रागाने माझा आवाज चढला होता, सुरक्षा रक्षक बघायला लागला. तुम्ही म्हणालात, "कलम बरोबरच हाय. पन ता परवानेवाल्याला. मी परवानेवाला कुटं हाय?"

माझंच म्हणणं तुम्ही माझ्यावर उलटवलंत, आणि मला ते अजूनही आवडलेलं नाही.

"तो परत आला नाही तर?" मी विचारलं.

"मंग मी देईन."

"नसीमचा निकाह आहे. आणि तुम्हीच नाही राहिलात तर?"

तुम्ही कप चुरगळलात. "मंग तू हाय ना, भांडायला."

सलीम गेला. थोड्याच दिवसांत बॉम्बहल्ले सुरू झाले आणि विमानं बंद पडली. तुमचं तिकीट माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, ते तिथंच राहिलं. त्यानंतरच्या आठवड्यांत आपण रोज भेटलो, पण या विषयावर एक अक्षर बोललो नाही. तुम्ही येऊन माझ्या घरच्या खिडक्यांना टेप लावून दिलीत. मला वाकडी लावलेली चालली असती. तुम्ही काढून पुन्हा सरळ लावायचात. सायरनची भीती वाटते का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही खरं सांगितलंत की वाटते, फार वाटते. मग टेपरेकॉर्डर माझ्यापुढे सरकवलात. मी म्हटलं, माझ्यावर कर्ज नाही. तुम्ही म्हणालात, भीती तरी सांग घरी. मी सांगितली. ती कॅसेट जायला माणूस मिळत नव्हता, तरी भरल्यावर मला झोप लागली. याबद्दल मी तुमचे आभार मानले नव्हते, ते आता मानतो.

तुम्ही युद्धात गेलात असं लोकांना सांगायला आवडतं. तुम्ही ऑफिसात, दुपारी, असरच्या अजानीच्या आधी खुर्चीतच गेलात, आणि त्या दिवशी सायरनही वाजला नव्हता. तुमचं हृदय थांबलं, एवढंच झालं. डॉक्टरने मला तसंच सांगितलं.

कबरस्तानात मला आत जाता येणार नव्हतं. मी भिंतीबाहेर गाडीत बसून राहिलो. बऱ्याच वेळाने खाणावळवाले बाहेर आले, हात मातीने भरलेले, आणि कोणी न विचारता मला सांगायला लागले की उजव्या अंगाला, कडेच्या ओळीत, भिंतीपासून जवळ. तिथे कुठल्याच कबरीवर नाव नसतं. त्यांनी खूण सांगितली, मी ती नीट ऐकून घेतली आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून गेली. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं, भाई. माझ्याशी भांडणारं या शहरात दुसरं कोणी नव्हतं.

मग मला वाटत होतं तेच झालं. तुमच्या सेवेचा हिशेब, इतक्या वर्षांची ग्रॅच्युइटी, कंपनीने अडवली. जामीनदार गेला म्हणून जामीन जात नाही. सलीम येऊन देणं अंगावर घेईल किंवा ते या पैशांतून वळतं होईल, असं त्यांनी कळवलं. वळतं झालं असतं तर हातात फारसं काही राहिलं नसतं. नसीमचा निकाह त्या पैशांवर होता. आणि हे तुमच्या घरी, रुकैयाभाभींना, कोणीतरी सांगायचं होतं. कंपनीतल्या तुमच्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिशेबाचा माणूस, मी सांगेन.

तुमचा नियम मला माहीत होता. पूर्ण आकडा, स्वतःच्या तोंडाने. मी दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत ती वाक्यं पाठ केली. वसुलीच्या नोकरीत मी शेकडो लोकांना त्यांचं देणं सांगितलं आहे, पण तेव्हा ते देणं त्यांनी घेतलेलं असायचं. शस्त्रसंधी झाली होती, लाइन लागत होती. तुमच्या गावच्या किराणा दुकानातला नंबर लावला, दुकानदाराने कोणाला तरी धाडलं, आणि मी रिसीव्हर कानाला धरून तराजूचे आणि गिऱ्हाइकांचे आवाज ऐकत राहिलो. भाभी आल्या. मी आधी जे म्हणायचं ते म्हटलं. मग आकडा सांगितला. जामीन, सलीम, अडकलेला हिशेब, सगळं एका दमात.



"मना म्हाइत हाय, दादा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी आकडा पुन्हा सांगितला.

"होय, तोच. सही करायच्या आदी त्यांनी फोन केलवता. ह्याच दुकानात. कॅसेट पोचायला टाइम नाय बोल्ले, म्हनून फोनवर सांगतो. केवड्यांदी सांगितला. दुकानात सगल्यांनी ऐकला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी बोल्ले, नसीमचा लगीन चार महिने थांबेल. ती बाय थांबनार नाय. करा सही." मग त्या म्हणाल्या, "मी हां बोल्ले म्हनून ते ऱ्हायले, दादा. तुमी त्यांना बोल लावू नका."

मी म्हटलं, नाही लावत. ते खरं नव्हतं, पण मी तसं म्हटलं.

"तुमाला सांगू नको बोल्ले होते," भाभी म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कोणाच्या तरी आवाजात तुमचं हसू ऐकू आलं. "बोल्ले, निकमला सांगितला तर तो लगेच कागद काढील."

म्हणजे गावभर ठाऊक होतं. तराजू धरणाऱ्याला, मीठ घ्यायला आलेल्याला, सगळ्यांना. मला सोडून.

ठेवण्याआधी त्यांनी कोणाला तरी पुढे बोलावलं. एका तरुण बाईचा आवाज आला, बारीक, दमलेला. ती नुसतं सलाम म्हणाली. मागे बाळ रडत होतं. ती सलीमची बायको. भाभी अलिबागच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसल्या होत्या आणि नंतर तिला घरी घेऊन आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. सलीम तिकिटासाठी मुंबईला गेला होता.

तो आला. मला खात्री नव्हती, हे सांगून टाकतो. जेद्द्याला उतरला, तिथून बसने रियाधला, आणि बॅग घेऊन सरळ माझ्या बँकेत. आम्ही दोघं शोरूमवाल्याकडे गेलो आणि देणं पुन्हा त्याच्या नावावर लिहून घेतलं. जामिनाचा कागद फाडला तेव्हा सलीम बघत होता, मी बघत होतो, तुम्ही नव्हता. कंपनीने हिशेब सोडला. तो पूर्ण तुमच्या घरी गेला आहे. इस्त्री सलीमचा गाववाला घेऊन जाईल.

मागच्या शुक्रवारी खाणावळवाल्यांनी मला वर नेलं. खोली भरलेली होती. लोकांनी सतरंजीवर तुमच्या जागी जागा करून दिली आणि म्हणाले, बसा. मी बसलो नाही. मी वसुलीचा माणूस, मी कर्जदाराचा सल्लागार होऊ शकत नाही; तेही त्या नियमांत आहे, आणि ते कलम मी मोडणार नाही. पण उभ्याउभ्या मी त्यांना एवढं सांगितलं की तुमच्यापैकी जो कोणी इथे बसेल त्याने घरून होकार आल्याशिवाय कागदाला हात लावू नये. ते हो म्हणाले. टेपरेकॉर्डर अजून चालतो.

भिंतीवरची टोपी तुमच्या सामानाबरोबर गावी गेली आहे. तिथे आता नुसता खिळा आहे आणि मी त्याच्याकडे बराच वेळ बघत होतो. मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडलो की तुमच्याकडे परवाना नाही. पण एकदाच, ज्या कलमापायी मी तुमच्यावर सगळ्यात जास्त चिडलो होतो त्याच्याच वेळी, तो तुम्ही रीतसर काढला होता. ज्या बाईला त्याची किंमत मोजावी लागणार होती तिला पूर्ण आकडा सांगून, भर दुकानात, मोठ्याने, सहीच्या आधी. अमेरिकेतल्या त्या राज्यातही याहून कडक नियम नसेल. तुम्ही गेलात ते विनापरवाना गेला नाहीत, हे मी आता लिहून देतो, आणि पुराव्याशिवाय मी काही लिहून देत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

पण मला सांगितलं असतंत, तर ते शेवटचे आठवडे मी तुमच्यावर मनातून रागावून काढले नसते. परवाना दर्शनी भागी लावायचा असतो, भाई. मी तेवढंच म्हणत होतो. टोपी मी हातात धरली असती.